गावाचे दप्तर गावात : मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि फायलींचा स्वतःचा साठा

जुन्या काळी गावाचे दप्तर लाल रुमालात बांधलेले असे. रुमालाची गाठ कोणी सोडावी, कागद कोणाला दाखवावा, नक्कल कोणाला द्यावी, याचे नियम ठरलेले होते. दप्तर कोठे आहे, हा प्रश्न मात्र कोणालाही पडत नसे. ते चावडीच्या कपाटात असे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे साऱ्या गावाला माहीत असे.

आज दप्तराचे रूप पालटले आहे. ठरावाचा मसुदा संगणकावर तयार होतो, नोंदवहीचे पान स्कॅन होते, बांधकामाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेतले जाते. कागदापेक्षा ही सामग्री हाताळण्यास सोपी आहे, यात शंका नाही. परंतु दप्तर कोठे आहे, या साध्या प्रश्नाचे उत्तर आता अवघड झाले आहे. काही फायली कार्यालयातील संगणकावर, काही पेन ड्राइव्हवर, काही निरोपांच्या गटात, तर काही एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने उघडलेल्या खाजगी कंपनीच्या खात्यात असतात. त्या कर्मचाऱ्याची बदली झाली म्हणजे खात्याचा परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. मग घराच्या आकारणीचा उतारा मागण्यास आलेल्या वृद्धेला ‘फाइल सापडत नाही’ असे सांगण्याची पाळी येते. येथे कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. व्यवस्था नसते, एवढेच.

ही व्यवस्था अल्प खर्चात आणि संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात कशी उभारता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत स्वरूपात उपलब्ध असून ते जगातील मोठमोठ्या संस्था वापरीत आहेत. वर्धा जिल्ह्यातील ग्रामपंचायती, शाळा आणि पंचायत समित्या यांच्या दृष्टीने हा विषय अभ्यासण्याजोगा आहे.

वर्ध्याची परंपरा

साधन कोणाच्या मालकीचे असावे, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांनी तेथे घाणी, कागद, मधुमक्षिकापालन अशा उद्योगांत सुधारणेचे प्रयोग केले. ज्या साधनाची दुरुस्ती गावात होऊ शकते आणि ज्याची रचना गावकऱ्याला समजते, ते साधन गावाचे, ही त्यामागील दृष्टी होती. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली. तिच्यातही हाताने काम करीत ज्ञान मिळविण्यावर भर होता.

याहून जवळचा दाखला चरख्याचा आहे. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि दुरुस्ती करीत तो दीर्घकाळ टिकावा, अशा अटी त्यात होत्या. आणखी एक अट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संशोधकाने आपल्या यंत्राचे पेटंट घेण्यास हरकत नव्हती. परंतु पारितोषिक हवे असल्यास पेटंटचे हक्क संघाकडे सोपवावयाचे होते. संशोधकाला मोबदला मिळावा, पण यंत्राची रचना एकाच्या मुठीत राहू नये, असा हा विचार होता. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या परवान्यामागे असलेला विचार याहून फार वेगळा नाही.

मुक्त स्रोत म्हणजे काय

संगणकाला काम सांगणारा आज्ञांचा समूह म्हणजे सॉफ्टवेअर. या आज्ञा प्रथम मनुष्याला वाचता येतील अशा भाषेत लिहिल्या जातात. त्या मूळ लिखाणाला स्रोत म्हणतात. बहुतेक व्यापारी कंपन्या हा स्रोत गुप्त ठेवतात आणि ग्राहकाला केवळ वापराची परवानगी विकतात. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा स्रोत खुला असतो. ते कोणीही वापरावे, तपासावे, त्यात दुरुस्ती करावी आणि इतरांना द्यावे, अशी मुभा परवान्यातच दिलेली असते.

या चळवळीचा प्रारंभ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने झाला. १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवाना तयार झाला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. २००७ मध्ये आलेल्या ‘अफेरो’ परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीने पुढची पायरी गाठली. सॉफ्टवेअरमध्ये बदल करून जाळ्यावरून इतरांना सेवा देणाऱ्यानेही बदललेला स्रोत त्या वापरकर्त्यांना उपलब्ध केला पाहिजे, अशी अट तीत आहे.

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकारासंबंधी धोरण जाहीर केले. शासकीय संगणकप्रणालींसाठी मुक्त स्रोत पर्यायाला पसंती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. तत्पूर्वी २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण आले होते. म्हणजे हा विषय केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

साठ्याचे सॉफ्टवेअर

फायली साठविण्याच्या आणि वाटण्याच्या कामी ‘ओनक्लाउड’ या नावाचे सॉफ्टवेअर जर्मनीतील फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये सुरू केले. २०१६ मध्ये ते व त्यांचे अनेक सहकारी त्यातून बाहेर पडले आणि त्याच स्रोताच्या आधारे त्यांनी ‘नेक्स्टक्लाउड’ उभे केले. कंपनी वेगळी झाली तरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या फायली अडकून पडल्या नाहीत, कारण स्रोत खुला होता. मुक्त परवान्याचा हा व्यावहारिक लाभ होय.

जिनिव्हाजवळील सर्न या अणुसंशोधन संस्थेने आपल्या शास्त्रज्ञांसाठी ओनक्लाउडच्या आधारे स्वतःचा साठा उभारला. जर्मन संघशासनाच्या माहिती तंत्रज्ञान केंद्राने २०१८ मध्ये नेक्स्टक्लाउडची निवड केली. श्लेस्विग-होल्श्टाइन या जर्मन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० शासकीय संगणक मुक्त स्रोत प्रणालींकडे वळविण्याचा निर्णय जाहीर केला, त्यातही नेक्स्टक्लाउडचा समावेश आहे.

आपल्या देशातही मार्गदर्शक उदाहरणे आहेत. विद्यापीठीय प्रबंधांचा ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय संग्रह ‘डीस्पेस’ या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर चालतो. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराम येथील शाळांत स्थानिक सर्व्हर बसविण्यात आले. इंटरनेट नसतानाही मुलांना शाळेतल्या शाळेत पाठ पाहता येत. त्यासाठीचे मुक्त सॉफ्टवेअर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडले होते. वर्ध्यातील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ या संकेतस्थळाद्वारे हिंदी साहित्याचा मोठा संग्रह वाचकांना खुला केला आहे. आपला संग्रह आपण सांभाळावा, ही कल्पना जिल्ह्यात अपरिचित नाही.

हे काम कसे चालते

नेहमी चालू राहणारा एक संगणक सर्व्हर म्हणून नेमला जातो. त्यावर साठ्याचे सॉफ्टवेअर असते. कार्यालयातील इतर संगणक आणि भ्रमणध्वनी तारेने अथवा वायफायने त्याला जोडलेले असतात. प्रत्येक वापरकर्त्याला खाते मिळते. कोणती कपाटे उघडावयाची, कोठे लिहावयाचे आणि कोठे केवळ वाचावयाचे, हे त्या खात्यावरून ठरते. एका संगणकावर फाइल बदलली की ती सर्व्हरवर आणि तेथून इतर अधिकृत संगणकांवर आपोआप बदलते. जुन्या आवृत्त्या काही काळ जपल्या जातात. नेक्स्टक्लाउडमध्ये पुसलेली फाइल साधारणपणे तीस दिवस टोपलीत राहते व तेवढ्या मुदतीत परत मिळविता येते.

जागेचा हिशेब करून पाहू. ग्रामपंचायतीचे विहित नमुने ३३ आहेत. प्रत्येक नमुन्याची वर्षाला २०० पानांची एक वही धरली आणि स्कॅन केलेल्या पानाला अर्धा मेगाबाइट जागा धरली, तर एका वहीला १०० मेगाबाइट आणि सर्व नमुन्यांना वर्षाला ३.३ गिगाबाइट जागा लागेल. तीस वर्षांचे दप्तर सुमारे १०० गिगाबाइटमध्ये मावेल. बाजारात सहज मिळणारी एक टेराबाइटची डिस्क याच्या दहापट आहे. बहुतेक गावांत इतकी पाने भरतही नाहीत.

वेळेचा हिशेबही बोलका आहे. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या साध्या स्थानिक जोडणीवर ३.३ गिगाबाइट सामग्री साडेचार मिनिटांत सर्व्हरवर जाते. तीच सामग्री चार मेगाबिट वेगाच्या इंटरनेटने दूरच्या सर्व्हरवर पाठविण्यास एक तास पन्नास मिनिटे लागतील, तीही जोडणी मध्येच तुटली नाही तर. वीजही फारशी लागत नाही. १५ वॉटचा लहान संगणक दिवसरात्र चालला तरी महिन्याला सुमारे ११ युनिट वीज पुरते.

उभारणीतील सात दक्षता

पहिली दक्षता जागेची. वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर अशा उष्णतेत तग धरणार नाही. जाड भिंतीची, हवेशीर, ओल नसलेली खोली निवडावी आणि यंत्र जमिनीपासून उंच ठेवावे.

दुसरी विजेची. वीज अकस्मात गेल्यास लिहिली जात असलेली फाइल बिघडू शकते. म्हणून सर्व्हरला राखीव विजेचे साधन जोडावे आणि वीज संपण्यापूर्वी यंत्र रीतसर बंद होईल, अशी योजना करावी.

तिसरी नावांची. खाती व्यक्तीच्या नावाने न उघडता पदाच्या नावाने उघडावीत. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींना माहीत असावा आणि त्याची मोहोरबंद प्रत तिजोरीत ठेवावी. बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत जशी रोकड वही आणि शिक्के असतात, तसा सर्व्हरही असावा. नव्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी परवलीचे शब्द बदलावेत.

चौथी रचनेची. कपाटे वर्षवार आणि नमुनावार असावीत. फाइलच्या नावात प्रथम वर्ष, नंतर महिना, नंतर विषय लिहावा. म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘खरे अंतिम’ अशी नावे कटाक्षाने टाळावीत.

पाचवी लिपीची. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या खाजगी फाँटमध्ये लिहिलेले ठराव दुसऱ्या संगणकावर अर्थहीन अक्षरे होऊन उमटतात आणि त्यांत शब्दाचा शोधही घेता येत नाही. दीर्घकाळ जपावयाच्या कागदांसाठी पीडीएफ-ए किंवा ओडीएफ ही आंतरराष्ट्रीय मानके वापरावीत.

सहावी गोपनीयतेची. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे, शक्य ते संगणकावर आणणे आणि विहित माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे, हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ग्रामसभेचे इतिवृत्त आणि अंदाजपत्रक यांसाठी सर्वांना वाचता येईल असे कपाट ठेवावे. परंतु लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि विद्यार्थ्यांचे तपशील बंद कपाटात असावेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली आहे.

सातवी देखभालीची. खुल्या स्रोतातही दोष राहतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओनक्लाउडच्या एका जोडभागात गंभीर दोष उघड झाला. त्यातून काही मांडणींमध्ये व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द बाहेर पडू शकत होता आणि त्या दोषाला दहापैकी दहा इतकी तीव्रता देण्यात आली होती. ज्यांनी सुधारित आवृत्ती वेळीच बसविली, ते सुरक्षित राहिले. नेक्स्टक्लाउडच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण एक वर्षच सुधारणा मिळतात आणि अद्ययावत करताना मधली मोठी आवृत्ती ओलांडून पुढे जाता येत नाही. म्हणून दोन-तीन वर्षे दुर्लक्ष केल्यास काम फार वाढते. ज्या कार्यालयाला बाहेरून फायली पाहण्याची गरज नाही, त्याने सर्व्हर इंटरनेटवर खुला करूच नये.

राखीव प्रत

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज येथे दूर केला पाहिजे. फाइल चार संगणकांवर आपोआप उमटते, म्हणजे तिच्या चार राखीव प्रती झाल्या, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. एका ठिकाणी चुकून पुसलेली फाइल इतर ठिकाणांहूनही पुसली जाते. खंडणीखोर विषाणूने एका संगणकावरील फायली कूटबद्ध केल्या, तर त्या बिघडलेल्या फायलीच सर्वत्र पोहोचतात. समक्रमण आणि राखीव प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तीन-दोन-एक हा जगन्मान्य नियम येथे उपयोगी पडतो. सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. गावाच्या पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत ग्रामपंचायतीच्या सर्व्हरवर राहील. दुसरी सुट्या डिस्कवर दर आठवड्याला घेतली जाईल आणि काम झाल्यावर ती डिस्क सोडवून कपाटात ठेवली जाईल. तिसरी कूटबद्ध प्रत दर महिन्याला तालुक्याच्या ठिकाणी, पंचायत समितीत जमा होईल. पूर, आग अथवा चोरी झाल्यास हीच तिसरी प्रत गावाला तारील.

तेवढ्यानेही भागत नाही. तीन महिन्यांतून एकदा राखीव प्रतीतून चार फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि तशी नोंद करावी. जी प्रत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

मर्यादा

मुक्त सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नसले तरी यंत्र, वीज आणि विशेषतः मनुष्याचा वेळ यांचा खर्च आहेच. ज्या गावात देखभाल करणारे कोणी नाही, तेथे सर्व्हर बसविणे म्हणजे कुलूप नसलेले कपाट बसविण्यासारखे होईल. अशा ठिकाणी प्रत्येक गावाने वेगळा खटाटोप करण्यापेक्षा पंचायत समितीच्या पातळीवर सर्व गावांसाठी एकच साठा उभारणे शहाणपणाचे ठरेल. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. आठ ठिकाणी प्रशिक्षित माणसे तयार करणे आवाक्यातील काम आहे. सेवाग्राम येथील अभियांत्रिकी महाविद्यालय, जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि शाळांतील तंत्रस्नेही शिक्षक यांचे साहाय्य त्यासाठी घेता येईल. विद्यार्थ्यांनाही यातून प्रत्यक्ष कामाचे शिक्षण मिळेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. असा साठा शासनाच्या विहित प्रणालींची जागा घेत नाही. ई-ग्रामस्वराज आणि ई-ऑफिस यांवरील नोंदी तेथेच झाल्या पाहिजेत. स्कॅन केलेले पान ही प्रमाणित नक्कल नव्हे. मूळ नोंदवही जपण्याचे कर्तव्य कायम राहते. सर्व्हर उभारण्यापूर्वी वरिष्ठ कार्यालयाची संमती घेणे इष्ट आहे.

अभिलेख कोठे ठेवावेत, याला कायद्याचीही बाजू आहे. केंद्र शासनाच्या अभिलेखांना लागू असलेल्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये, शासकीय प्रयोजन वगळता, अभिलेख पूर्वसंमतीवाचून देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. हा कायदा झाला तेव्हा कागदाची गठडी डोळ्यांपुढे होती. आज एका बोटाच्या स्पर्शाने तीच गठडी सातासमुद्रापलीकडील सर्व्हरवर जाऊ शकते आणि पाठविणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. आपल्या फायली कोणत्या यंत्रावर आहेत, हे प्रत्येक कार्यालयप्रमुखाला सांगता आले पाहिजे.

प्रारंभ कोठून करावा

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्यात कार्यालयातील फायली कोठे कोठे विखुरल्या आहेत, याची यादी करावी. खाजगी खात्यांत असलेल्या कार्यालयीन फायली परत मिळवाव्यात. दुसऱ्या महिन्यात नावांची आणि कपाटांची पद्धत ठरवावी आणि सुट्या डिस्कवर पहिली राखीव प्रत घ्यावी. यंत्र आणि सॉफ्टवेअर त्यानंतर आणावे. प्रथम एकच नमुना, उदाहरणार्थ कर आकारणीचा नमुना क्रमांक ८, त्यावर चढवावा आणि तीन महिने अनुभव घ्यावा. शाळांनी प्रवेश नोंदवहीपासून प्रारंभ करावा, कारण जन्मतारखेच्या दाखल्यासाठी माजी विद्यार्थी चाळीस-चाळीस वर्षांनी शाळेच्या दारी येतात.

दप्तर नीट असले तर त्याचा लाभ प्रथम दुर्बलाला होतो. ज्याच्याजवळ ओळख आणि वाहन आहे, तो कागद कोठूनही मिळवितो. ज्याला एका उताऱ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते, त्याला कागद पहिल्याच फेरीत मिळणे, ही सुशासनाची खरी कसोटी होय. रुमालाची जागा सर्व्हरने घेतली, तरी दप्तर कोठे आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे पूर्वीप्रमाणेच गावाला माहीत असले पाहिजे.